हिगिनबॉथम: ओकच्या सखलातलं आडनाव

चेन्नईच्या माउंट रोडवरचं 'हिगिनबॉथम्स' हे पुस्तकांचं दुकान एबल जोशुआ हिगिनबॉथम यांनी १८४४ साली सुरू केलं. दक्षिणेत रेल्वेने फिरलेल्यांना फलाटावरच्या स्टॉलमुळे हे नाव ओळखीचं. आपल्याकडे व्हीलर तसं तिकडे हे. पाटीवर भारदस्त वाटतं, पण मूळ रानातलं.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात बोल्टनजवळ ओकनबॉटम नावाची जागा आहे. जुन्या इंग्रजीत 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ, ओढ्याकाठची सखल जमीन. तिथे ओकची झाडं होती, एवढाच अर्थ. वडगावचा तो वडगावकर, तसा तिथला माणूस ओकनबॉटम; फक्त 'कर' लावायची पद्धत तिकडे नव्हती. 'ओकन'चं 'हिगिन' झालं ते बहुधा कानाच्या सवयीने. रिचर्डला लाडाने हिक म्हणत, त्यातून हिगिन हे नाव निघालं, आणि ते त्या भागात घराघरांत होतं. १५३८पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची वही ठेवू लागले, पण स्पेलिंग पाद्र्याच्या मर्जीवर. त्यामुळे हिगिनबॉटम, हिगिनबॉथम, हिकिनबॉटम ही सगळी एकाच आडनावाची रूपं.

'बॉटम'ला ढुंगणाचा अर्थ चिकटला अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून लोकांनी लाजेने 'बॉथम' केलं, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं, कारण 'बॉथम' हे बोलीतलं जुनंच रूप आहे. लाजेने फार तर त्याची चलती वाढवली असेल. नुसतं बॉथम आडनावही त्याच शब्दाचं. १९८०च्या फेब्रुवारीत वानखेडेवर ११४ धावा काढून १३ बळी घेणारे इंग्लंडचे क्रिकेटपटू इयन बॉथम जन्माने लँकेशायरला लागून असलेल्या चेशायरचे.

१८८१च्या जनगणनेतही हिगिनबॉथम मुख्यतः चेशायर, लँकेशायर आणि लगतच्या डर्बीशायरात दाटलेले दिसतात. शतकानुशतकं मुलं फार तर शेजारच्या खोऱ्यात, पुढे सूतगिरण्यांच्या गावात गेली. रॅम्सबॉटम, शफलबॉटम ही आडनावंही याच मुलखातली. अटलांटिक ओलांडलेल्या शाखा मात्र इतक्या फोफावल्या की आज इंग्लंडपेक्षा अमेरिकेत हे आडनाव जास्त आढळतं.

मँचेस्टरला जन्मलेले सॅम हिगिनबॉटम अमेरिकेमार्गे मिशनरी म्हणून अलाहाबादला आले आणि १९१०मध्ये त्यांनी तिथे शेतीची संस्था काढली. आज ते विद्यापीठ त्यांच्याच नावाने चालतं, आणि त्याच्या पाटीवर 'बॉटम' तसाच आहे.