बीफ एन्चिलाडा आणि लाल मिरचीचा घरचा सॉस

एन्चिलाडा ही मूळची मेक्सिकोची डिश. मक्याची टॉर्टिया, म्हणजे पातळ, मऊ भाकरी, मिरचीच्या सॉसमध्ये बुडवायची, आत सारण घालून गुंडाळायची नाहीतर नुसती घडी घालायची आणि वरून परत तोच सॉस. स्पॅनिशमध्ये एन्चिलार म्हणजे मिरची लावणे, त्यावरून एन्चिलाडा म्हणजे मिरची लावलेली. नावात ना मांस आहे ना चीज, फक्त मिरची आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची रेसिपी आपोआप कळत जाते, कारण बीफ हे नुसतं सारण, पदार्थ उभा राहतो तो सॉसवर.

टॉर्टिया आणि मिरची ही जोडी स्पॅनिश लोक १५१९ मध्ये मेक्सिकोत उतरले त्याच्या कितीतरी आधीची. चिली हा शब्दसुद्धा तिथल्या नाहुआत्ल भाषेतला. गायीगुरं मात्र तिथे नव्हती, ती स्पॅनिश लोकांनी आणली, त्यामुळे बीफ घातलेली एन्चिलाडा त्या मानाने नवीनच म्हणायची. उत्तरेकडच्या चिवावा, सोनोरा या कोरड्या प्रांतांत गुरं वाढली आणि बीफ रोजच्या जेवणात आलं. तिथून सीमेपलीकडे टेक्सासमध्ये गेलं की सॉसच बदलतो, तिकडे चरबीत मैदा भाजून त्यात चिली पावडर आणि जिरं घालून दाटसर ग्रेव्ही करतात. विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावात तयार चिली पावडर विकायला सुरुवात केली आणि ही पूड घरोघरी पोचली. खिमा, पिवळं चीज आणि ही ग्रेव्ही म्हणजे टेक्स-मेक्स एन्चिलाडा. ती पण छान लागते, पण अख्ख्या सुक्या मिरच्यांच्या सॉसची खोली तिला येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सॉसला मुख्यतः दोन मिरच्या लागतात. ग्वाहीयो ही लांब, गुळगुळीत, पातळ सालीची, तिखट बेताची आणि रंग लालभडक. आंचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो जातीची मिरची, रुंद, सुरकुतलेली, जवळजवळ काळी, आणि चवीला मनुकांसारखी गोडसर. ग्वाहीयो रंग आणि आंबूसपणा देते, आंचो अंग देते. ज्यांना झणझणीत हवं ते वर दोन-चार चिले दे आर्बोल टाकतात, ती बारीक पण जहाल. बारा टॉर्टियांना साधारण आठ ग्वाहीयो आणि तीन आंचो पुरतात.

देठ काढून मिरची उभी फाडायची, बिया झटकायच्या आणि आतल्या पांढऱ्या शिरा पण काढायच्या, खरा तिखटपणा बियांत नसून त्या शिरांत असतो. मग कोरड्या तव्यावर भाजणं, सगळा सॉस इथेच ठरतो. तवा मध्यम तापलेला हवा, मिरचीचा तुकडा टाकून उलथन्याने दाबायचा, पंधरा-वीस सेकंदांत साल थोडी फुगते, रंग हलका होतो आणि एकदम खमंग वास सुटतो, की लगेच उलटायची आणि दुसऱ्या बाजूला त्याहून कमी वेळ. वास खमंगचा जळका झाला, ठसका लागायला लागला की ती मिरची टाकून द्यायची. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोनच मिरच्या करपल्या होत्या, जीव झाला नाही टाकायला, आणि अख्खं भांडंभर सॉस कडू झाला, साखर घातली, टोमॅटो घातला, तो कडवटपणा काही गेला नाही.

भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या, उकळायच्या नाहीत. भिजवलेलं पाणी आधी चाखून बघायचं, कडवट असेल तर ओतून द्यायचं आणि वाटायला साधं पाणी किंवा बीफचा स्टॉक घ्यायचा. मिक्सरला मिरच्या, तव्यावरच भाजलेल्या तीन पाकळ्या लसूण, पाव कांदा, चिमूटभर जिरं, मीठ आणि मेक्सिकन ओरेगॅनो. हा ओरेगॅनो पिझ्झ्यावरचा नाही बरं का, त्याचं कूळच वेगळं आहे, वास थोडा लिंबाकडे जाणारा. एकदम गंधासारखं बारीक वाटून गाळणीतून गाळायचं, कारण ग्वाहीयोची साल कितीही वाटली तरी दाताखाली येते. आणि शेवटी चमचाभर गरम तेलात किंवा चरबीत हा सॉस ओतून परतायचा, चुर्र आवाज झाला पाहिजे, मग पंधरा मिनिटं मंद आचेवर ठेवायचा. कच्चट वास जातो, रंग विटकरी लालवरून गडद होतो आणि कडेने तेल सुटायला लागतं, आपला मसाला परततो तेव्हा जे बघतो तेच इथे बघायचं.

बीफसाठी खांद्याकडचा भाग चांगला, कांदा, लसूण आणि तमालपत्र घालून अडीच-तीन तास मंद शिजवला की हाताने धागे सुटतात. घाई असेल तर खिमा परतून घ्यायचा. सारणात दोन चमचे सॉस घालायचाच, नाहीतर ते कोरडं पडतं.

आता टॉर्टिया. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन वाटतात, अशा तयार केलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे मक्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो म्हणून टॉर्टिया लाटता-थापता येते, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी गुंडाळायला गेलं की मोडते ती याच कारणाने. टॉर्टिया सॉसमध्ये घालायच्या आधी पाच-दहा सेकंद गरम तेलातून काढायची, कुरकुरीत करायची नाही. तेलाचा पातळ थर बसला की ती चिरत नाही आणि सॉस पिऊन तिचा लगदाही होत नाही. मग सॉसमध्ये बुडवा, सारण भरा, गुंडाळी खाली तोंड करून ट्रेमध्ये लावा, उरलेला सॉस आणि चीज वर घालून १८० डिग्रीला पंधरा मिनिटं. मेक्सिकोत बऱ्याच घरांत ओव्हन वापरतच नाहीत, सरळ ताटात वाढून वर कच्चा कांदा आणि ताजं चीज भुरभुरतात.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात लाल चिलेचा, म्हणजे मिरचीचा सॉस जवळजवळ नुसत्या मिरचीचाच असतो आणि टॉर्टिया गुंडाळत नाहीत, एकावर एक चळत रचतात आणि वर अंडं फ्राय करून ठेवतात. तिथली मिरची आज ज्या रूपात आहे त्याचं श्रेय फाबियान गार्सिया यांना जातं, चिवावात जन्मलेले, लास क्रूसेसच्या कृषी कॉलेजातले संशोधक, त्यांनी १९१३ मध्ये न्यू मेक्सिको नंबर ९ हे एकसारख्या आकाराचं आणि बेताच्या तिखटाचं वाण दिलं. हॉटेलात गेलं की तिकडे पहिला प्रश्न असतो, लाल की हिरवी, आणि दोन्ही हव्या असतील तर नुसतं ख्रिसमस म्हणायचं.

आपल्याकडे मिरची आली ती पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात, गोव्याच्या बाजूने. ग्वाहीयो मिळत नसेल तर ब्याडगी सगळ्यात जवळची, रंग भरपूर आणि तिखट कमी, पण तिची साल जास्त पातळ असल्यामुळे भाजायला निम्माच वेळ द्यायचा. आंचोच्या गोडीसाठी मी पाच-सहा काळ्या मनुका वाटणात घालते. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे, तिथे म्हशीचं मांस घ्यावं लागतं, त्याला शिजायला वेळ जास्त लागतो, कुकरला लावलेलं बरं.