मतदारसंघ पुनर्रचना, कोकणातील

जनगणनेच्या आकड्यांनुसार लोकसभा व विधानसभा मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याची प्रक्रिया. ‘परिसीमन’ व ‘सीमांकन’ असेही शब्द आढळतात. पैकी सीमांकन जमीनमोजणीतही रूढ असल्याने येथे ‘पुनर्रचना’ स्वीकारला आहे. आखणी केंद्राने नेमलेला आयोग करतो. राज्य निवडणूक आयुक्त त्याचे पदसिद्ध सदस्य असतात. सहयोगी सदस्य असलेल्या खासदार-आमदारांना मताधिकार नसतो.

चालू रचनेचे साल कुठे कुठे 2002 दिलेले असते. ते पुनर्रचना कायद्याचे होय. त्यानुसार नेमलेल्या न्या. कुलदीप सिंह आयोगाची रचना 2008 मध्ये अमलात आली व 2009 च्या निवडणुका तीनुसार झाल्या, म्हणून 2008 धरणे अधिक सयुक्तिक.

आधार 2001 च्या जनगणनेचा. राज्याच्या 9,68,78,627 लोकसंख्येस विधानसभेच्या 288 जागांनी भागता एका जागेमागे सरासरी 3,36,384 माणसे येतात. या हिशेबाने रत्नागिरीच्या (16,96,777) वाट्याला 5.04, सिंधुदुर्गाच्या (8,68,825) 2.58 व रायगडाच्या (22,07,929) 6.56 जागा, म्हणजे नजीकच्या पूर्णांकात 5, 3 आणि 7. रत्नागिरीच्या 2 व सिंधुदुर्गाची 1 जागा गेली, रायगडाच्या कायम राहिल्या. तत्कालीन ठाणे जिल्हा मात्र (पालघर धरून) 13 वरून 24 वर गेला. तेव्हा ‘कोकणाच्या जागा घटल्या’ हे विधान तळकोकणापुरतेच खरे. रत्नागिरीत त्या वेळी हजार पुरुषांमागे 1,136 स्त्रिया होत्या. कारण कामासाठी मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला गावी येतो, पण शिरगणतीत मुंबईकर ठरतो.

खेड, संगमेश्वर, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही नावे विधानसभेच्या यादीतून गेली. खेड तालुका दापोली व गुहागर यांत विभागला गेला. सिंधुदुर्गात तालुके अखंड राहिले: देवगड, वैभववाडी व कणकवली मिळून कणकवली, मालवण व कुडाळ मिळून कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला व दोडामार्ग मिळून सावंतवाडी.

लोकसभेत नाथ पै व मधु दंडवते यांचा राजापूर मतदारसंघ जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. कुलाब्याचे रायगड झाले व दापोली-गुहागर त्यास जोडले गेले. पनवेल, कर्जत व उरण हे पिंपरी-चिंचवडसह मावळात गेले. नैसर्गिक सीमा व दळणवळण लक्षात घ्यावे असे कायदा सांगतो. मावळ मतदारसंघ मात्र बोरघाटाच्या वरही आहे आणि खालीही.

जिल्हा परिषदेचे गट व पंचायत समितीचे गण (म्हणजे त्या संस्थांचे मतदारसंघ) यांची आखणी स्वतंत्रपणे होते. एका गटाचे दोन गण पडतात.