ऑक्टोपसच्या टाकीशेजारी एक वही
(सांगली, मिरज, तासगाव भागातल्या आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवाल्या ग्राहकांसाठी)

ऑक्टोपस घरी नेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांचा फोन येतो, "अहो, तो दिसतच नाही. आहे ना नक्की?" आहे. मडक्यात बसलाय. नव्या जागी आलेला ऑक्टोपस आधी घर शोधतो, घराच्या तोंडाशी खडे-शिंपले ओढून दार बंद करतो आणि आतून एका डोळ्यानं तुम्हाला बघत राहतो. जपानी कोळी याच सवयीवर ऑक्टोपस पकडतात. दोरीला मडकी बांधून समुद्रात सोडतात, तो आपण होऊन आत येऊन बसतो. आम्हीही टाकीसोबत कुंभाराकडचं, रंग किंवा चकाकी न दिलेलं, अरुंद तोंडाचं मडकं देतो. ते काढून त्याजागी शोभेचा प्लास्टिकचा किल्ला ठेवू नका.

टाकीसोबत आम्ही दोनशेपानी वहीसुद्धा देतो. ती कशासाठी, हे सांगायला हे पत्रक आहे.

दोन वर्षांपूर्वी तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांना आम्ही ऑक्टोपस दिला होता. माणूस हौशी, घरातली पोरं तर टाकीसमोरून उठायची नाहीत. एका रविवारी त्यांनी पाणी बदललं. संध्याकाळी ऑक्टोपस काच चढून वर आला, पाण्याच्या रेषेशी लटकला, हात बाहेर काढायला लागला. पोरांना वाटलं, खेळतोय. त्यांनी व्हिडिओ काढून आम्हाला पाठवला, आम्ही तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. तोवर तो मेला होता. मीठ कालवायला घेतलेली बादली बागेत बोर्डो मिश्रण करायची होती. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबं. बादली धुतलेली होती, पण तेवढ्यानं भागत नाही. ऑक्टोपसचं रक्त निळं असतं ते त्यातल्या तांब्यामुळेच. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह असतं, त्याच्या रक्तात तांबं. तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला थोडंसुद्धा सोसत नाही. द्राक्षाच्या मुलखात दुकान चालवून ही गोष्ट ग्राहकाला आधी सांगितली नाही, ही चूक आमची. म्हणून आता सांगतो: टाकीची बादली, मग, नळी वेगळी ठेवा आणि त्यावर खूण करा. फवारणी करून आलेला हात टाकीत घालू नका. बागेजवळच्या ओढ्यातला खेकडा कितीही ताजा असला तरी त्याला खाऊ घालू नका. माशांना पांढरे ठिपके आल्यावर ज्या टाकीत तांब्याचं औषध टाकलं होतं, ती टाकी ऑक्टोपससाठी वापरू नका. खडक आणि वाळू ते औषध धरून ठेवतात.

पण त्या दिवशीचा खरा धडा बादलीचा नव्हता. तो ऑक्टोपस संध्याकाळी पाण्याबाहेर पडायला बघत होता आणि ते घरातल्या चार माणसांनी पाहिलं होतं. रोज या वेळी तो काय करतो हे कुठं लिहिलेलं असतं, तर आजचं वेगळं आहे हे लगेच कळलं असतं. पाण्याची चाचणी करायची आठवण होण्याआधी ऑक्टोपसचं वागणं बदललेलं असतं.

वहीत काय लिहायचं

रोज एकाच वेळी, शक्यतो दिवेलागणीनंतर, दहा मिनिटं. टाकीवर लाल दिवा लावा आणि बाकीचे दिवे मालवा. ऑक्टोपसला रंग दिसत नाहीत. निळसर-हिरवा उजेड त्याला चांगला जाणवतो, लाल फारच कमी. त्यामुळे लाल उजेडात तो बिनधास्त हिंडतो.

पहिली नोंद श्वासाची. डोक्यामागची पिशवी फुगते आणि आवळते, बाजूच्या नळीतून पाणी बाहेर पडतं. मिनिटभर मोजा, आकडा लिहा. पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करत बसू नका. तुमच्या ऑक्टोपसचा स्वस्थ बसलेला असतानाचा आकडा हाच तुमचा मापदंड. काही केलेलं नसताना तो आकडा चढत गेला, तर आधी पाण्याचं तापमान बघा. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्याच दिवसांत पाणी उडून खारेपणाही वाढतो. उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं नव्हे, आरओचं गोडं पाणी घाला, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 च्या आसपास राहिला पाहिजे. बोअरचं पाणी तर अजिबात नको. अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून पाण्यात साचणारी विषं) शून्य, यात तडजोड नाही. चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर घ्या. 2019 च्या महापुरात शहरात वीज किती दिवस नव्हती, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरी नोंद उष्ट्याची. सकाळी मडक्याच्या तोंडाशी काय पडलंय ते बघा. ऑक्टोपस खेकड्याची कवचं आणि शिंपल्या घराबाहेर टाकतो. जिवंत तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) घातल्या असतील तर रिकामी शिंपली बाहेर काढून उजेडाकडे धरा. कधी कधी तिला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसेल. आधी तो शिंपली दोन्ही बाजूंनी ओढून बघतो, नाही उघडली तर भोक पाडतो आणि आत विष सोडून आतल्या जिवाची पकड ढिली करतो. एक-दोन भोकाच्या शिंपल्या वहीत चिकटपट्टीनं चिकटवून ठेवा. मुलांना हे फार आवडतं, आणि तो किती खातो याचा हिशेबही आपोआप राहतो.

तिसरी नोंद रंगाची, आणि इथं घाई करू नका. ऑक्टोपसच्या कातडीत रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात, प्रत्येकीला स्नायू. स्नायू ताणले की रंग पसरतो, सैल सोडले की मिटतो, आणि हे सगळं सेकंदाच्या आत. त्यामुळे "पांढरा पडला म्हणजे घाबरला" असं सरळ सूत्र लागत नाही. घाबरला की तो फिका पडतो, हातांमधला पडदा ताणून अंग मोठं करतो, डोळ्याभोवती आणि कडेला गडद होतो. पण गाढ झोपेतही तो फिकाच असतो, फक्त तेव्हा डोळ्याची बाहुली बारीक रेघेसारखी होते आणि अंग काचेला किंवा खडकाला सैल टेकलेलं असतं. म्हणून रंगाच्या शेजारी नेहमी डोळा, श्वास आणि ठिकाण लिहा. नुसतं "पांढरा" लिहिलेलं नंतर वाचून काही कळत नाही.

झोपेत असतानाच कधी तरी एक अजब गोष्ट दिसेल. फिका, निश्चल पडलेला ऑक्टोपस अचानक रंग बदलायला लागतो, कातडी खरबरीत होते, डोळे आणि हातांची टोकं थरथरतात, आणि साधारण मिनिटभरात पुन्हा सगळं शांत. 2021 मध्ये ब्राझीलच्या आणि 2023 मध्ये जपानमधल्या ओकिनावाच्या संशोधकांनी ही दोन प्रकारची झोप नोंदवली. तो स्वप्नं बघतो का, हे म्हणण्याइतका पुरावा कुणाकडेच नाही. पण आमच्या दुकानातल्या टाकीत ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही शटर अर्धं ओढून तासभर बसून होतो. त्या वेळी काचेवर टकटक करू नका. कुठल्याच वेळी करू नका.

हात लावायचा का?

लावा, पण तो आला तर. त्याच्या सुमारे 50 कोटी मज्जापेशींपैकी दोन-तृतीयांश हातांत असतात, आणि हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांना स्पर्शाबरोबर चवही कळते. तुमचं बोट त्यानं धरलं म्हणजे त्यानं ते चाखलं. साबण, तेल, क्रीम, हळदीच्या वखारीतून आलेला हात, हे सगळं त्याच्या तोंडात जातं असं समजा. नुसत्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुवा, खूप वेळ खळखळून. त्यानं पकडलं तर ओढू नका, हात पाण्यातच सैल ठेवा, तो सोडतो.

तो माणूस ओळखतो. अमेरिकेतल्या सिएटलच्या मत्स्यालयात 8 ऑक्टोपसांना दोन माणसं भेटायची. एक खाऊ घालायचा, दुसरा खरखरीत काठीनं डिवचायचा. दोन आठवड्यांत ऑक्टोपस पहिल्याकडं जाऊ लागले आणि दुसऱ्यापासून लांब. तेव्हा खाऊ कोण घालतं, टाकी कोण साफ करतं, हेही वहीत लिहा. विश्रामबागेतल्या आमच्या एका ग्राहकांकडं आजी रोज कोळंबी द्यायच्या. आजी पंधरा दिवस लेकीकडं गेल्या, तेव्हा तो सुनेच्या हातून खाईना. वही वाचल्यावर उलगडा झाला: टाकीतली जाळी फिरवून त्याला मडक्यातून हुसकायचं काम सूनबाईंकडे होतं. आम्ही कामं बदलायला सांगितली. आठवड्यानं तो त्यांच्याकडूनही घ्यायला लागला.

कंटाळा हाही त्याचा आजारच आहे. झाकणाच्या बरणीत खेकडा ठेवून द्या, आधी झाकण सैल, मग थोडं घट्ट. पहिल्या दिवशी उघडली नाही तर नाराज होऊ नका. सिएटललाच रिकाम्या तरंगत्या बाटल्या सोडल्या होत्या, तेव्हा आठांपैकी दोघांनीच पाण्याचा फवारा मारून बाटली पुन्हा पुन्हा ढकलण्याचा खेळ केला. बाकीच्यांनी नाही केला. एक धीट, एक भित्रा, एक चौकस, असा स्वभाव असतो. तुमचा जसा आहे तसा बघा, मोबाइलवरच्या व्हिडिओशी तुलना नको. तो फवारा बाहेरही येतो, म्हणून विजेची पिनं, बोर्ड टाकीच्या वर किंवा अगदी शेजारी ठेवू नका. जर्मनीत कोबुर्गच्या मत्स्यालयातल्या ऑटो नावाच्या ऑक्टोपसनं 2008 मध्ये वरच्या दिव्यावर पाणी उडवून सगळी वीजच घालवली होती.

झाकणाबद्दल आम्ही बसवताना बोलतोच. अंगात चोचीशिवाय कठीण असं काही नाही, त्यामुळे चोच जाईल त्या फटीतून सबंध ऑक्टोपस जातो. न्यूझीलंडच्या नेपियरमधला इंकी नावाचा ऑक्टोपस 2016 मध्ये सांडपाण्याच्या पाइपातून थेट समुद्रात पोचला. आपल्याकडं बाहेर फरशी, आणि पलीकडं कृष्णा. दोन्ही त्याचा जीव घेणारच. जमिनीवर सापडला तर ओल्या हातानं उचलून लगेच टाकीत सोडा, मग आम्हाला फोन करा. पाणी काळं झालं असेल, म्हणजे शाई सोडली असेल, तर निम्मं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये नवा कार्बन घाला. समुद्रात ती शाई वाहून जाते, टाकीत त्याच्याच कल्ल्यांत जाते.

रत्नागिरी-मालवणला गेल्यावर खडकातल्या डबक्यातून बाटलीत घालून आणू नका. आंबा घाट चढून येईपर्यंत बाटलीतलं पाणी तापतं, प्राणवायू संपतो. निळ्या वलयांचा छोटा ऑक्टोपस तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याच्या चाव्यातलं विष माणसाचा श्वास बंद पाडतं आणि त्यावर उतारा नाही. एका टाकीत दुसरा ऑक्टोपस किंवा मासे सोडू नका. एक दुसऱ्याला खातो.

शेवटचे दिवस

हे आम्ही विकत घेण्याआधीच सांगतो, तरी इथं पुन्हा. घरात ठेवतात त्या जाती साधारण वर्ष-दीड वर्ष जगतात, आणि तुमच्याकडं येतो तेव्हा त्यातले काही महिने सरलेले असतात. मादी मडक्याचं दार बंद करून अंडी घालते, ती पुसत, त्यांच्यावर पाणी फुंकत बसते आणि खाणं सोडते. अंडी फळलेली नसली तरीसुद्धा. नरही म्हाताऱ्या दिवसांत खात नाही, भर दिवसा उगाच हिंडतो, कातडी सैल पडते, पांढरे चट्टे येतात आणि भरत नाहीत. 1977 मध्ये एका संशोधकानं डोळ्यांमागच्या दोन छोट्या ग्रंथी काढल्या, तेव्हा अंडी सोडून मादी पुन्हा खायला लागली होती. म्हणजे हे उपाशी राहणं तिच्या शरीरातूनच ठरतं. तुमची चूक नाही आणि ते बरं करायचं औषधही नाही. पाण्यात औषध टाकू नका. दिवा मंद करा, कोळंबीचा तुकडा हाताजवळ नेऊन बघा, नको असेल तर काढून घ्या. पाणी मात्र शेवटपर्यंत चांगलं ठेवा.

म्हातारपण आणि आजार यातला फरक वहीच सांगते. खाणं महिनाभरात हळूहळू उतरत गेलं असेल तर वय झालंय. कालपर्यंत दोन खेकडे आणि आज शून्य, श्वास एकदम वाढलेला, असं असेल तर पाणी बिघडलंय. मग वेळ न घालवता, रात्री असलं तरी, फोन करा. व्हिडिओ पाठवून थांबू नका.

टाकी रिकामी झाल्यावर लगेच दुसरा मागू नका. फिल्टर चालू ठेवा, मडकं उन्हात वाळवा आणि वही घेऊन दुकानात या. ती आम्ही तुमच्यासमोर बसून वाचतो, आणि पुढचा आणायचा की नाही ते मग ठरवू.