मागच्या अ‍ॅक्सलमधला आकडा

पुण्यात जुन्या गाड्या पाळणारी मंडळी जमली (‘पाळणारी’ हाच शब्द बरोबर, खाणंपिणं तेवढंच लागतं) की गेली काही वर्षं एक प्रश्न हटकून निघतो: "मागे रेशो कोणता ठेवलायस?" आमच्या वडिलांच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. गाडी आली तशी चालवायची. डिफरन्शियल गुणगुणायला लागलं तर ऑइल बघायचं, रडायला लागलं तर मेकॅनिककडे न्यायचं. आत किती दाते आहेत याची चौकशी कुणी करत नसे. ती आता का होते, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी वस्तू कोणती ते पाहू. गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एंजिनाची ताकद मागे नेणारा लांब दांडा, मागच्या अ‍ॅक्सलपाशी येतो. तिथे त्याच्या जोरावर पिनियन नावाचं एक लहान दातेरी चाक फिरतं आणि ते क्राऊन व्हील नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ३९ असतील, तर शाफ्टचे ४.८७५ फेरे झाले की चाकांचा एक होतो. हाच रेशो. गॅरेजात या सगळ्या गोळ्याला डिफरन्शियल म्हणतात, पण खरं डिफरन्शियल क्राऊनच्या पोटात असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावू द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्याचं पेटंट पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी घेतलं होतं. पेट्रोलची मोटार यायला तेव्हा अर्धशतकाहून अधिक अवकाश होता. रेशोशी त्याचा संबंध नाही. दोघं एका घरात राहतात, इतकंच.

रेशोला महत्त्व आलं ते लुई रेनोमुळे. १८९८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याने आपली छोटी गाडी पॅरिसच्या र्‍यू लपिक या चढाच्या गल्लीतून वर नेऊन दाखवली आणि तिथेच त्याला गिऱ्हाइकं मिळाली. गंमत गिअरबॉक्सची होती. वरच्या गिअरमध्ये एंजिनाचा फेरा मधल्या दात्यांना वळसा घालून थेट शाफ्टवर जायचा. याचं पेटंट त्याला १८९९ मध्ये मिळालं. पुढे बहुतेक सगळ्या गाड्यांनी हीच रीत उचलली आणि टॉप गिअर ‘डायरेक्ट’ झाला. म्हणजे टॉपमध्ये एंजिन आणि रस्ता यांच्यात दात्यांची एकच जोडी उरली, मागची. गाडी टॉपमध्ये किती ओढेल आणि किती पळेल, दोन्ही त्या जोडीच्या हाती गेलं. एक वाढवा, दुसरं घटतं.

फोर्डच्या मॉडेल टीला तर दोनच गिअर होते आणि मागे ११ व ४० दाते, म्हणजे ३.६४. सपाटीवरचे शेतकरी ३ चा सेट घालून घेत, डोंगराळ भागातले ४ चा. दोन्ही हवं असेल त्यांच्यासाठी रकस्टेल नावाचा दोन वेगांचा अ‍ॅक्सल मिळायचा. १९२० च्या दशकातली ही गोष्ट. रेशो निवडण्याचा छंद आपण शोधून काढला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगितलं.

आपल्या गाड्यांचा आकडा मात्र अमेरिकेतून आलेला नाही. तो इंग्लंडच्या करखात्यातून आलाय. तिथे १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड कर होता, आणि अश्वशक्ती मोजायची ती सिलिंडरच्या व्यासावरून. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, हिशेबातच नाही! मग कारखान्यांनी काय करावं? व्यास बारीक ठेवला, स्ट्रोक लांब केला. अशी एंजिनं खालच्या फेऱ्यांवर चांगली ओढतात, पण जोरात फिरवली की पिस्टनला फार धावावं लागतं. ब्रिटिश रस्ते अरुंद, वळणांचे, वेग माफक. तेव्हा टॉप गिअरमध्येच सगळं निभावून जावं, गिअर सारखा बदलावा लागू नये, म्हणून मागे मोठा आकडा. १९४८ पासून तो कर गेला, सवयी मात्र बऱ्याच वर्षांनी सुटल्या. ऑक्सफर्डमध्ये बसणाऱ्या १४८९ सीसीच्या बी-सिरीज एंजिनाचा व्यास ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक जवळजवळ ८९, तोही करमाफीनंतर. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीला मागे ८/३९ होता, आणि आपली अ‍ॅम्बेसेडर म्हणजे तीच ऑक्सफर्ड.

इथे आल्यावर निवड संपली. १९५३ च्या टॅरिफ कमिशन या सरकारी आयोगाच्या अहवालानंतर परदेशी भागांची नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना जागा उरली नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. राहिल्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची वालचंद हिराचंदांची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. गाडी मिळणं हीच दिवाळी, तिथे ऑर्डर फॉर्मवर रेशोचा पर्याय कोण मागणार? तिकडे ब्रिटनमध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फच्या हेराल्ड गाडीचं एंजिन ९४८ वरून ११४७ सीसीचं झालं आणि रेशो ४.८७५ वरून ४.११ वर उतरला, कारण जास्त ताकदीला कमी फेरे पुरतात. आपल्याकडे जे आलं ते बसलं.

पण खरं सांगायचं तर पुण्याला ते मानवलं. या शहरातून कुठेही निघा, घाट आहेच. मुंबईकडे बोरघाट, साताऱ्याकडे आधी कात्रज मग खंबाटकी, सासवडला दिवे, वाईहून वर पसरणी. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर माल्कमच्या काळात सुरू झाला तो बैलगाड्या आणि तोफगाड्यांसाठी. मोटार त्या चढावर नंतर आली. चार माणसं, डिकीत बेडिंग, कॅरिअरवर ट्रंक आणि पुढे खंडाळ्याचा चढ, अशा वेळी ४.८७५ म्हणजे आधार होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत का होईना, चढायची. रेडिएटर उकळला तर तो भाग वेगळा. आणि जुन्या हमरस्त्यावर ट्रकांमागून ६०-७० च्या वर जायची सोय तरी कुठे होती?

२००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण झाला आणि गणित फिरलं. सहा पदरी सिमेंटचा रस्ता, ना गाव, ना सिग्नल. जुनी गाडी तिथे नेली की पहिल्या दहा मिनिटांतच ती काय म्हणते ते कळतं. हिशेब सोपा आहे. चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण दोन मीटर धरा. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ६६७ वेळा फिरतं. ४.८७५ ला एंजिनाचे फेरे होतात ३२५०, आणि १०० ला ४०६०. जुनी इंग्रजी मोटार मासिकं पिस्टनच्या मिनिटाला २५०० फूट वेगाला गाडी किती पळते, ते छापत. लांब पल्ल्याला मानवणारा वेग म्हणून लोक तो आकडा बघत. १४८९ च्या एंजिनाला ती रेषा सुमारे ४३०० फेऱ्यांवर येते. म्हणजे १०० ला गाडी तिच्या अगदी शेजारून धावतेय, आणि तीही पन्नास-साठ वर्षांची. त्याच हिशेबाने ४.५५ ला १०० वर ३८०० च्या आसपास फेरे, ४.३ ला ३५८०, ३.९०९ ला ३२६०. कानाला हा फरक लगेच कळतो, शेजारी बसलेल्या बायकोला त्याहून लवकर.

हे आकडे हवेतले नाहीत. बी-सिरीजच्या घराण्यात मागच्या जोड्या होत्याच: ८/३९, ९/४१, १०/४३ आणि ११/४३. एमजी कंपनीच्या पहिल्या एमजीए स्पोर्ट्स कारला हेच १४८९ चं एंजिन होतं आणि मागे १०/४३. पण तिला दोन कार्ब्युरेटर, जास्त ताकद आणि अंगावर पत्रा कमी. तिच्यामागून आलेल्या एमजीबीला १७९८ सीसी मिळाल्यावर ११/४३. दात्यांचे आकडे असे विचित्र का, तर दोन्हींना सामाईक भाजक नको. मग पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते.

आणि जोडी म्हणजे जोडीच. कारखान्यात दोन्ही एकमेकांवर घासून बसवतात आणि दोन्हींवर एकच नंबर कोरतात. मी एकदा एका दुकानातून ‘अगदी नवं’ म्हणून १०/४३ आणलं. घरी येऊन चष्मा लावला तर दोन नंबर वेगळे. तरी हट्टाने बसवलं. शिम (पातळ चकत्या) घालून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली फट, जुळवला, दात्यांना निळा रंग लावून खूण पाहिली, ती काही केल्या मधे येईना. कात्रजपर्यंत जाईस्तोवर मागून असा सूर लागला की सोबतच्या मित्राने राग विचारला. नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात फिरताना म्हणून भिंग खिशात ठेवावं. बसवलेल्या गाडीचा रेशो ओळखायची युक्ती मात्र बिनखर्चाची आहे. गिअर न्यूट्रलला ठेवून एकच मागचं चाक जॅकवर उचला, ते हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. एक फेरा नव्हे, दोन, कारण दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं.

आता उलट बाजू. ४.८७५ चे ४.३ केले की ओढ प्रत्येक गिअरमध्ये १२ टक्क्यांनी घटते, ३.९०९ केले तर २० टक्क्यांनी. पहिल्या गिअरमध्येही. लोक हेच विसरतात. एक्स्प्रेस वेवर शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या चढात रांग लागते, गाडी फूटफूट सरकते, आणि लहान आकड्याच्या रेशोची अ‍ॅम्बेसेडर हाफ क्लचवर जळका वास सोडत उभी राहते. जीपवाल्यांना आणखी एक अट असते, पुढचा आणि मागचा दोन्ही अ‍ॅक्सल एकाच रेशोचे हवेत, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर ते एकमेकांशीच भांडतात. स्पीडोमीटरही खोटं बोलू लागतो. त्याची केबल गिअरबॉक्सच्या शेपटीतून निघते, त्यामुळे ४.३ बसवल्यावर काटा ८८ वर असताना गाडी १०० ला असते. आता रस्त्यावर कॅमेरे आहेत, तेव्हा हा हिशेब काचेवर चिकटवून ठेवलेला बरा.

कायद्याचं विचाराल तर २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी, असं म्हटलंय, आणि चासी, बॉडी, एंजिन यांचा नावानिशी उल्लेख आहे. क्राऊन-पिनियनचा नाही. तरी मूळ जोडी फेकू नये, ग्रीस लावून जपावी.

माझं मत मागितलं तर १४८९ च्या एंजिनाला ३.९०९ म्हणजे निव्वळ हौस. १०/४३ घाटाखालच्या माणसाला चालेल. पुण्यात राहून साताऱ्यालाही जाणाऱ्याला ९/४१. ओढ जेमतेम साडेसहा टक्के जाते आणि १०० ला अडीचशेच्या वर फेरे वाचतात. मला ९/४१ ची जोडी मिळाली आहे, दोन्हींवर एकच नंबर आहे, तीनदा पाहिला. सध्या ती गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आहे. पाऊस उघडला की मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग सोडायचं ठरलंय. तोवर लोणावळ्याला जुन्या रस्त्यानेच जातो, सत्तरच्या पुढे काटा जाऊ न देता.