डोंगरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात जाण्याआधी

गाडी ठरवायला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "तिथं बिबट्या दिसंल का?" बहुधा नाही. आणि नाही दिसला तर वाईट वाटून घेऊ नका.

बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. केंद्राचा होकार आल्याशिवाय आम्ही गाडी काढत नाही, त्यामुळे आगाऊ तारीख पक्की सांगता येत नाही. बालाघाटाचा हा डोंगर पावसाळ्यानंतर बघावा. हिरवा असतो, सीताफळं लागलेली असतात. एप्रिल-मेमध्ये आम्ही सहल नेतच नाही. त्या उन्हात माणसांचेही हाल आणि जनावरांचेही.

पुनर्वसन केंद्र म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेलं खोकड, नायलॉन मांजानं पंख कापलेली घार, कुत्र्यांनी धरलेलं हरीण असे जीव अशा ठिकाणी येतात. बरे झाले की जंगलात परत जातात. ज्याला उडताच येत नाही किंवा शिकार करता येत नाही, तेवढाच मागं राहतो. माणसाची भीती मोडलेला प्राणी सोडला तर तो सरळ गावात येतो आणि कुत्र्यांच्या नाहीतर काठ्यांच्या तावडीत सापडतो. म्हणून उपचार चालू असलेले प्राणी पाहुण्यांपासून लांबच ठेवायचे असतात. हरणाचं तर आणखी नाजूक. नुसत्या भीतीनं आणि धडपडीनं त्याच्या स्नायूंची नासधूस होते. अंगावर जखम नसतानाही ते काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं. जाळीला मोबाइल लावून फोटो काढू नका, असं आम्ही गाडीत दहा वेळा सांगतो ते यासाठी.

कपडे मातकट रंगाचे घाला. अत्तर, सेंट घरीच ठेवा. खाऊच्या पिशव्या गाडीतून बाहेर काढायच्या नाहीत. लेकरांना आधीच समजावून आणा, आत गेल्यावर ओरडून समजावू नका.

आता थोडं वेगळं. गेल्या हंगामात एक काका बुटाच्या खोक्यात पिंगळ्याचं पिल्लू घेऊन गाडीत बसले. घरी दोन दिवस सांभाळलेलं. चोचीच्या कडेला दुधात कालवलेली पोळी वाळून चिकटलेली, डोळे अर्धे मिटलेले. काकांची माया खरी होती, पण पाखराला दूध पचत नाही आणि पिंगळा किडे-उंदरांवर जगतो. तेव्हापासून आम्ही हे छापून देतो.

जखमी पक्षी सापडला तर हवेला भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, खायला घालू नका. वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. सशाचं किंवा हरणाचं पिल्लू गवतात एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं झालं असं नाही. माय मुद्दाम लांब चरते, सशीण तर बहुधा अंधार पडतानाच पाजायला येते. तसंच राहू द्या. ऊसतोडीत रानमांजराची पिल्लं निघाली तर तोड तेवढ्यापुरती थांबवा, पिल्लं हाताळू नका आणि लगेच १९२६ ला कळवा. शक्यतो त्याच जागी ठेवली तर रात्री माय येऊन उचलून नेते. घरी आणून पाळायचा विचार मात्र नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, पिंजऱ्यातला आपला मिठूसुद्धा त्यातच येतो.

गाडी सकाळी साडेसहाला बीडहून निघते. वाटेत धपाटे, शेंगाची चटणी आणि चहा आमच्याकडून. केंद्राला मदत करायची असेल तर ती तिथंच, त्यांच्या हातात द्या. आमचं भाडं फक्त गाडीचं असतं. आणि बिबट्या दिसला नाही म्हणून भाडं परत मिळत नाही.