ओव्हरटेकचा अंदाज येतच नाही

‘ओव्हरटेक करताना अंदाज न आल्याने’ हे शब्द अपघाताच्या बातम्यांत इतक्यांदा छापून येतात की त्यांच्यावर आता कुणाची नजर ठरत नाही. चालवणारा कच्चा असणार, आपल्याला बरोबर अंदाज येतो, असं म्हणून आपण पान उलटतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलम १८४ मध्ये नियमाविरुद्ध केलेल्या ओव्हरटेकचा स्पष्ट उल्लेख आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तरी दर मोठ्या अपघातानंतर ‘कायदा अजून कडक करा’ ही मागणी होतेच. करा बापडे. पण जो अंदाज चुकला म्हणून शिक्षा द्यायची, तो माणसाच्या डोळ्याला जमण्यासारखा आहे का? शाळेतलं गणित घेऊन बसलं तर उत्तर निघतं.

दुभाजक नसलेला दुपदरी रस्ता घ्या. पुढे एसटी ताशी ६० किलोमीटरने चाललीय, तुम्ही ८० ने. एसटी १२ मीटर लांब, तुमची गाडी ४ मीटर, बाहेर निघताना मागे २० मीटर आणि आत शिरताना पुढे २० मीटर मोकळे. म्हणजे एसटीपेक्षा ५६ मीटर जास्त कापायचे. वेगातला फरक ताशी २०, सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. झाले दहा सेकंद. तेवढ्यात तुम्ही समोरच्याच्या हद्दीतून २२२ मीटर जाता. समोरून कुणी ८० नेच येत असेल तर तोही २२२ मीटर येतो. एकूण ४४४. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची गृहीतकं थोडी वेगळी आहेत, पण त्यांच्या मानकातही ताशी ८० च्या रस्त्यावर ओव्हरटेकसाठी ४७० मीटर रस्ता दिसायला हवा असं आहे. १०० च्या रस्त्यावर ६४०. आणि एसटी ७५ ने पळत असेल तर? फरक ताशी ५ चा, वेळ चाळीस सेकंद, आणि एकट्या तुमचंच अंतर ९०० मीटरच्या घरात. ‘थोडक्यासाठी मागे कशाला राहायचं’ म्हणून मारलेला ओव्हरटेक सगळ्यांत लांबतो.

आता साडेचारशे मीटरवरची समोरची कार डोळ्याला कशी दिसते ते बघू. इथे थोडं गणित सोसावं लागेल, पण मला या विषयात सगळ्यांत आवडतं ते हेच.

कार १.८ मीटर रुंद धरली, तर ४५० मीटरवरून ती डोळ्याशी पाव अंशापेक्षाही किंचित लहान कोन करते. हात लांब करून बोटावर टपोरी मोहरी धरली तर ती जेवढी दिसेल, साधारण तेवढी. थेट आपल्यावरच चालून येणारी गाडी डावी-उजवी सरकत नाही. तिच्या वेगाची खूण एकच, हा कोन किती झपाट्याने वाढतोय. वाढीचा दर काढायला गाडीची रुंदी गुणिले दोघांचा मिळून वेग, भागिले अंतराचा वर्ग. गोम त्या वर्गात आहे. दोघांचा वेग मिळून ताशी १६०, म्हणजे सेकंदाला ४४.४ मीटर. ४५० मीटरवर दर येतो सेकंदाला ०.०००४ रेडियन (रेडियन हे कोन मोजायचं एकक). प्रयोगांमध्ये माणसाला ही वाढ जाणवायला लागते ती साधारण ०.००३ रेडियनच्या आसपास, म्हणजे सातपटीहून जास्त दर असेल तेव्हा. तोवर गाडी दिसते, पण येताना दिसत नाही. २२५ मीटरवर दर चौपट होतो, तरी ०.००१६ च. वाढ जाणवण्याचा हा उंबरठा ओलांडला जातो तो १६३ मीटरवर. त्या वेळी टक्कर पावणेचार सेकंदांवर आलेली असते, आणि आपल्याला हवे होते दहा.

याहून खोल गंमत पुढे आहे. एडिनबरा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये दाखवलं की कोनाला त्याच्या वाढीच्या दराने भागलं की थेट ‘धडकायला किती वेळ उरला’ हे मिळतं. अंतर नको, वेग नको, गाडीची रुंदीही नको. तिन्ही भागाकारात उडून जातात. चेंडू झेलताना हीच युक्ती कामी येते असं मानतात. पण दर उंबरठ्याखाली असला की डोळ्याच्या लेखी छेदात शून्य येतं आणि उत्तर निघतं अनंत. ‘भरपूर टाइम आहे’ हे जे आतून वाटतं, ते बहुतेक वेळा हेच अनंत. मग चालवणारा नुसत्या अंतरावर निर्णय घेतो आणि समोरच्याचा वेग नेहमीसारखा असेल असं धरून चालतो. तो ८० ऐवजी ११० ने येत असेल, तर चित्रात काहीच फरक पडत नाही, गणितात मात्र ८४ मीटर कमी पडतात.

मोटारसायकलचं आणखी वाईट. रुंदी ०.७ मीटर धरली तर उंबरठा १०२ मीटरवर, उरलेला वेळ सव्वादोन सेकंद. रात्री तर एकच दिवा, त्याला रुंदीच नाही. आणि आपल्याकडे एक दिवा गेलेल्या कार आणि टेम्पोही त्याच रस्त्यावर असतात.

बंपरला लिंबू-मिरची बांधल्याने छेदातला शून्य जात नाही. नव्या गाड्यांच्या जाहिरातींनीही फार हुरळून जाऊ नये. त्यांच्यातलं रडार परत आलेल्या लहरींच्या वारंवारतेतल्या बदलावरून वेग थेट मोजतं. डोळ्याला जे जमत नाही तेच काम. पण त्याची नजर साधारण २०० ते २५० मीटरपर्यंत पोचते. वरच्या हिशेबात ते निम्मंच अंतर झालं.

म्हणून ओव्हरटेकचा कायदा चालकाच्या अंदाजावर सोडण्यात अर्थ नाही. वळणावर आणि चढाच्या माथ्याआधी ओव्हरटेक नको, ज्याला कुणी ओव्हरटेक करतंय त्याने वेग वाढवायचा नाही, हे नियमांत आहे आणि ते बाहेरून तपासता येतं. रस्त्याच्या मधोमध ओढलेला, ओव्हरटेक नको सांगणारा सलग पट्टाही तसाच, फक्त तो डांबराच्या नव्या थराखाली गडप होता कामा नये. ट्रकच्या उजव्या इंडिकेटरवर तर विसंबूच नका. कुणी तो ‘जा पुढे’ म्हणून देतो, कुणी ‘समोरून गाडी आहे, थांब’ म्हणून, आणि कुणी खरंच उजवीकडे वळणार असतो.

खरी अडचण सरळ रस्त्याची, कारण तिथे सगळं दिसतं असं वाटतं. तिथे मी दगड मोजतो. किलोमीटरच्या दोन मोठ्या दगडांमध्ये २, ४, ६, ८ असे छोटे दगड असतात, दर २०० मीटरला एक. समोरची गाडी पुढच्या चौथ्या छोट्या दगडाच्या अलीकडे असेल तर एसटीच्या मागेच राहायचं. रात्री दगड दिसत नाहीत, तेव्हा अंधारात दुपदरी रस्त्यावर मी ओव्हरटेक करतच नाही. मागचे डिपर मारतात, मारू देत.