साक्ष (मराठी ख्रिस्ती जीवन, कोल्हापूर)

साक्ष : ख्रिस्ती माणसाचा विश्वास त्याच्या रोजच्या वागण्यातून इतरांना दिसणे, या अर्थी मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेला शब्द. कोर्टातल्या साक्षीचा अर्थ त्यात आहेच : जे स्वतः पाहिले, अनुभवले तेवढेच सांगायचे, ऐकीव सांगायचे नाही. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, हा शब्द दोन प्रकारे कानावर येतो. प्रार्थनासभेत एखादी बाई उठते आणि मुलाच्या आजारपणात प्रभूने कसे सांभाळले ते सांगते. ती ‘साक्ष देते’. एखादा माणूस उधारी बुडवतो, बायकोवर हात उगारतो, तेव्हा जुनी माणसे खाली मान घालून म्हणतात, ‘त्याची साक्ष चांगली नाही.’ इथे मुख्यतः दुसऱ्या अर्थाचा विचार केला आहे, कारण पहिली साक्ष या दुसरीवर उभी असते. पहाटे कुणाच्या घरातून शिव्या ऐकू येतात हे गल्लीला ठाऊक असते. त्या घरातला माणूस संध्याकाळी सभेत कितीही रसाळ बोलला तरी ते बोलणे भिंतीपलीकडे पोचत नाही.

शब्दाचे मूळ आणि शास्त्राधार

बायबलच्या नव्या करारातील ‘मार्तुस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार. रोमन साम्राज्यात साक्ष सोडायला नकार देणाऱ्यांना पहिल्या तीन शतकांत वेळोवेळी प्राण द्यावे लागले, आणि त्याच शब्दाला ‘हुतात्मा’ हा अर्थ चिकटला. ‘ख्रिस्ती’ हे नाव येशूच्या शिष्यांना पहिल्यांदा अंत्युखिया या प्राचीन शहरात मिळाले, असे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे (११:२६). ते त्यांनी स्वतः घेतलेले दिसत नाही. बहुधा शहरातल्या इतर लोकांनी ठेवले.

डोंगरावरील प्रवचनात येशू शिष्यांना पृथ्वीचे मीठ आणि जगाचा प्रकाश म्हणतो (मत्तय ५:१३-१६). प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तिला ‘ख्रिस्ताचे पत्र’ म्हणतो, शाईने न लिहिलेले आणि सर्वांनी वाचलेले. ‘आम्ही ख्रिस्ताच्या वतीने वकिली करतो’ असेही तो त्याच पत्रात लिहितो; मूळ ग्रीक शब्दात राजाच्या वतीने जाणाऱ्या दूताची छटा आहे. कृतीवाचून विश्वास निर्जीव, हे याकोबाचे म्हणणे. आत्म्याचे फळ म्हणून गलतीकरांस पत्रात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन असे नऊ गुण येतात. ते पाठ म्हणणारी संडे स्कूलची मुले सहनशीलतेपाशी हमखास अडखळतात.

यात एक पेच आहे आणि तो सोडवल्यासारखे दाखवू नये. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आपली सत्कर्मे लोकांना दिसू द्या असे आहे. सहाव्यात लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका, असे आहे. मीठ भाजीत विरघळते, दिवा दिवठणीवर ठेवतात. साक्ष या दोन्हींच्या मधून चालते. दिसावी, पण दाखवायला केलेली नसावी.

दुसऱ्या शतकाच्या आसपास डायोग्नेटस नावाच्या माणसाला लिहिलेल्या एका अनामिक पत्रात ख्रिस्ती लोकांचे वर्णन आहे : देश, भाषा, पोशाख, जेवणखाण यांत ते शेजाऱ्यांहून वेगळे नाहीत, वेगळे आहे ते त्यांचे जगणे. कोल्हापूरच्या मराठी ख्रिस्ती घरात शिरलेल्या कुणालाही हे वर्णन आजचे वाटेल. असिसीच्या फ्रान्सिसच्या नावावर एक वाक्य सांगतात की सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. तो स्वतः गावोगाव फिरून भरपूर उपदेश करत असे.

कोल्हापुरातील पार्श्वभूमी

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्यांच्या नावाचे वायल्डर मेमोरियल चर्च शहरात आहे. अँग्लिकन परंपरेतून आलेले ऑल सेंट्स चर्चही आहे. एस्थर पॅटन यांच्या नावाची शाळा याच मिशनच्या शैक्षणिक कामातली. पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. त्यांना पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली, पण दक्षिण महाराष्ट्रात ‘मिशनचा दवाखाना’ एवढेच म्हटले तरी पुरते. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांना पाठबळ दिले, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे वसतिगृहही होते.

या इतिहासामुळे जुन्या कोल्हापूरकराच्या मनात ‘ख्रिस्ती’ म्हटल्यावर सिद्धांत येत नाही, माणूस येतो : मिशनच्या शाळेतल्या बाई किंवा दवाखान्यातली सिस्टर. रात्री तीनला पेशंटची उलटी काढणारी, सलाईन संपायच्या आत येऊन बघणारी नर्स ही इथली सर्वांत जास्त वाचली गेलेली साक्ष आहे. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी आयुष्यात एकही प्रवचन केले नसेल. मिशनच्या आवारांनी ख्रिस्ती कुटुंबांना आधार दिला, तसे गल्लीपासून थोडे तोडलेही. कुंपणाच्या आत राहणाऱ्याचे वागणे शेजाऱ्याला दिसणार कसे? आवाराबाहेर, भाड्याच्या खोल्यांत आणि पुढे उपनगरांतल्या अपार्टमेंटांत राहायला गेलेल्या पिढीची साक्ष अधिक कसाला लागली, असे म्हणावे लागते.

कामाच्या जागी

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध हातात देतात. या शहराचा भरवसा डोळ्यांदेखतच्या गोष्टीवर. साक्षीची परीक्षाही इथे व्यवहारात होते : मापात, शब्दात, वेळेत. ‘तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही’ एवढेच असावे, ही येशूची अट (मत्तय ५:३७) ज्याला आज उद्या करत गिऱ्हाइकाला खेळवायची सवय आहे त्याला जड जाते.

शिवाजी उद्यमनगर या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या छोट्या शॉपमधला एक नेहमीचा प्रसंग घेऊ. फाउंड्रीतून पंपाचे कास्टिंग येते, टर्नर ते लेथवर चढवतो. पहिल्या कटला पृष्ठभाग साफ दिसतो, दुसऱ्या कटला वाटाण्याएवढे ब्लो होल, म्हणजे ओतकामात राहिलेले हवेचे भोक, उघडे पडते. पुट्टी भरून, घासून वर रंगाचा हात मारला तर ते डोळ्यांना दिसणार नाही. पंप चालू होऊन दाब आल्यावर गळेल, तोवर बिल निघालेले असेल. दोन तास त्या जॉबवर गेलेले असतात, आणि नगावर मजुरी असेल तर तो नग मजुरीतूनही जातो. टर्नर खिशातला खडू काढतो, भोकाभोवती गोल करतो आणि जॉब रिजेक्टच्या ढिगात ठेवतो. हे काही ख्रिस्ती माणसांचेच वैशिष्ट्य नाही. असे खडूचे गोल करणारे मिस्त्री सर्व जातिधर्मांत आहेत आणि उद्यमनगरचे नाव त्यांच्यावरच उभे आहे. ख्रिस्ती टर्नर स्वतःपुरते एवढेच जाणतो की त्याने तो गोल केला नाही, तर रविवारच्या उपासनेत प्रभूभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीतल्या भाकरी-द्राक्षरसाला, हात पुढे करताना ते भोक त्याला आठवेल. साक्षीतला हा आतला भाग बाहेरच्याला कधी कळत नाही.

प्रसाद, दसरा आणि वर्गणी

सर्वांत कठीण आणि सर्वांत जिवंत प्रश्न इथे आहेत. खंडेनवमीला त्याच शॉपमध्ये यंत्रांची पूजा होते. ख्रिस्ती कामगार आदल्या दिवशी सर्वांबरोबर लेथ पुसतो, तेल देतो, फरशी धुतो. पूजेच्या वेळी काय करायचे? काही जण बाहेर थांबतात, काही मागे हात बांधून शांत उभे राहतात. नंतर मालक पेढा पुढे करतो.

पौलाला करिंथच्या मंडळीने नेमका हाच प्रश्न, मूर्तींना वाहिलेल्या अन्नाचा, विचारला होता. त्याचे उत्तर (१ करिंथ, अध्याय ८ ते १०) एका ओळीचे नाही. मूर्ती काही नाही, अन्नाने आपण देवाजवळ जात नाही आणि दूरही जात नाही. पण माझ्या खाण्याने दुर्बळ भावाला ठेच लागणार असेल तर मी खाणार नाही. बाजारात विकतात ते विचारपूस न करता खा. मात्र हे नैवेद्याचे आहे असे कुणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकासाठी खाऊ नका. कोल्हापुरात यावरून घराघरांत मतभेद आहेत. एकाच घरात आई अंबाबाईचा लाडू नम्रपणे नाकारते आणि मुलगा मित्राच्या प्रेमासाठी घेतो. दोघांनाही पौलात आधार सापडतो. या नोंदलेखकाच्या मते नाकारण्याची तऱ्हा घेण्या-न घेण्याहून जास्त बोलते. तोंड वाकडे करून नाकारलेला पेढा शेजाऱ्याच्या श्रद्धेचा अपमान असतो; दोन्ही हात जोडून ‘मामा, आम्ही घेत नाही, पण तुमच्या घरी जेवायला कधीही येतो’ म्हणणाऱ्याला कोल्हापूर अडवत नाही, वर पाट मांडते.

आपट्याचे पान बहुतेक जण घेतात, कारण ‘सोन्यासारखं राहा’ या शुभेच्छेत त्यांना हरकतीचे काही दिसत नाही. मंडळाच्या वर्गणीबाबत काही दुकानदार रक्तदान शिबिराला किंवा मुलांच्या वह्यांना म्हणून पैसे देतात, आणि पोरेही ते समजून घेतात. हळदीकुंकवाला बोलावले तर ख्रिस्ती बाई जाते, वाण घेते, गप्पा मारते. कुंकू लावून न घेतल्याची चर्चा एक-दोन वर्षे होते, मग सवय होते.

साक्ष आणि प्रचार

राज्यघटनेचे २५ वे कलम धर्म आचरण्याचे तसेच त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. तरी साक्ष आणि प्रचार एक नव्हेत. कुणाला काही देऊन श्रद्धेकडे ओढणे साक्षीच्या मुळावरच घाव घालते, कारण साक्षीदाराने लाच दिली की साक्ष बाद होते. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगतो की आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास तयार असा, पण ते सौम्यतेने व आदराने द्या. म्हणजे आधी कुणी विचारायला हवे.

भाषेचाही यात वाटा आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली. टाळ, तबला, पेटीच्या साथीने गायली जाणारी ही गाणी खिडकीतून ऐकणाऱ्याला परकी वाटत नाहीत.

नाताळ आणि माती

डिसेंबरच्या मध्याला ख्रिस्ती घरांवर चांदणी लागते. आत करंज्या, चकल्या, लाडू चालू असतात. दिवाळीचाच फराळ, दीड-दोन महिन्यांनी. डबे गल्लीत वाटले जातात. दिवाळीला पाटील वहिनींनी पाठवलेला डबा अनेकदा तोवर मुद्दाम ठेवलेला असतो, कारण भरलेला आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. पंचवीसला दुपारी तांबडा-पांढरा रस्सा असला की मित्रांना आमंत्रण लागत नाही.

सणातली साक्ष सोपी. २०१९ आणि २०२१ सारखा पंचगंगेचा पूर आला की कोरड्या भागातल्या घरात कोणाला जागा मिळते, आजारी शेजाऱ्याला रात्री रिक्षात कोण घालतो, हे लोक जास्त काळ लक्षात ठेवतात. आणि मरण. कोल्हापूर भागात अंत्यविधीला जाणे म्हणजे ‘मातीला जाणे’. शेजारी गेला की ख्रिस्ती माणूस मातीला जातो, पुढे रक्षाविसर्जनालाही पंचगंगेच्या स्मशानभूमीत सकाळी हजर असतो. विधीत हात घालत नाही, पण कडेला उभा राहतो. तो ख्रिस्ती माणूस स्वतः वारला की गल्ली त्याच्या मागे कबरस्थानात येते. पाळक (चर्चचे धर्मगुरू) वचन वाचतात, पेटी खाली जाते, आणि मूठमाती द्यायला लागलेल्या रांगेत मंडळीच्या लोकांहून गल्लीतले लोकच पुष्कळदा जास्त असतात.